चाळीस गड्ड्यांचं मीठ

अंगणात कोबीचे चाळीस गड्डे निथळत होते आणि परातीत किमचीचा, म्हणजे कोबीच्या कोरियन लोणच्याचा, लाल मसाला कालवून तयार होता. युनजूला मनोरुग्णालयातून घरी येऊन वर्ष झालं, तरी तिने बंद केलेला गॅस नणंद पुन्हा तपासायची, लावलेलं कुलूप नवरा ओढून बघायचा. म्हणून आजही ती कोपऱ्यात गुपचूप पातेली घासत बसली होती. “अगं, तळ झिजेल त्या पातेल्याचा! इकडे ये,” सासूबाई खेकसल्या आणि त्यांनी कोबीच्या पानात गुंडाळलेला मसाला तिच्या तोंडात कोंबला. “मीठ बघ.” “आई, अख्ख्या हिवाळ्याची किमची आहे!” नणंद चपापली. “वहिनीच्या तोंडाला गोळ्यांनी चव तरी उरलीय का?” युनजूने डोळे मिटून सावकाश चावलं. “कमी आहे. दोन मुठी घाला.” नणंदेचा हात चाखून बघायला परातीकडे वळला. सासूबाईंनी त्यावर चापट मारली आणि स्वतःही न चाखता दोन मुठी मीठ घातलं.