दुसरं पान

ओहायोत व्हर्ननच्या तळघरात दर रविवारी कुस्त्या रंगत. पैलवान कार्डांवर लिहिलेले आणि डाव फाशांवर ठरणारे. खेळ त्यानेच रचलेला, त्यामुळे केक भाजायच्या पत्र्यातून कापलेला विजेतेपदाचा पट्टा एकोणीस वर्षं त्याच्याच कमरेला होता. आज बायको आर्डिसने आपला सदा हरणारा ‘प्लंबर मिल्टन’ उतरवला. “अगं, हा तर घंटा वाजायच्या आधीच पाठ टेकतो!” व्हर्नन खदाखदा हसला. आर्डिसने फासे टाकले. तिन्हींवर सहा, अठरा! कार्डावर अठरासमोर लिहिलं होतं, ‘पान दोन पाहा.’ व्हर्ननचा चेहरा पडला. मिल्टनला कुठले अठरा पडताहेत, म्हणून त्याने ते पान लिहिलंच नव्हतं. “घाबरू नकोस, राजा,” आर्डिसने पर्समधून पिवळा कागद काढला. “ते मी लिहिलंय. लग्नाच्या कागदांत सरकवून तुझी सहीसुद्धा घेतली होती.” ‘मिल्टन विजयी,’ खाली आपलीच सही! व्हर्ननने कमरेचा पट्टा सोडून तिच्या हातात दिला.