झिजलेली सहाण

खंडेनवमीला विभाताईंनी लखनौच्या आपल्या प्रयोगशाळेत औषध बारीक करणाऱ्या यंत्राला झेंडूचा हार घातला. पाण्यात विरघळायचं नावच न घेणारं औषध या यंत्राने इतकं बारीक केलं होतं, की यंदा ते अखेर रक्तात उतरलं. मग त्यांनी पिशवीतून आईची सहाण काढली, यंत्राशेजारी ठेवली आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं.

त्यांच्या हाताखालचा आशिष लखनौच्याच इंदिरा नगरात वाढलेला. विभाताईंचं ऐकून ऐकून त्याला मराठी समजायची, पण बोलायचा हिंदीतच. "मैम, ये क्या है?"

"मी सातमाशी, रे. काही म्हणता काही अंगी लागेना. आई रोज यावर गुटी उगाळून मला चाटवायची. अगदी गंधासारखी बारीक."

आशिषने सहाणेच्या मधल्या खळग्यावरून बोट फिरवलं. यंत्राची झीज औषधात किती मिसळली, हे तपासणं त्याचं रोजचंच काम.

"पर मैम, इसका तो पत्थर ही आधा घिस गया! वो सब सैंपल में गया होगा ना?"

विभाताईंनी सहाणेला वाकून नमस्कार केला.

"गेलाय ना. ते सँपल तुझ्यासमोर उभं आहे."