पंपाची बंदूक

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे जिवाजीआबांचा यंदाचा दसरा सांगलीला लेकीकडे गेला. गावी परतल्यावर चपला काढायच्या आधीच त्यांनी बंदूक मागितली. पंपाची, म्हणजे पुढची मूठ मागं-पुढं ओढून काडतूस चढवायची जुनी बंदूक, वडिलांनी तळ्यावरच्या बदकांसाठी हौसेनं घेतलेली. शिकारबंदी आल्यापासून तिनं एकही काडतूस उडवलं नव्हतं, पण दसऱ्याची पूजा कधी चुकली नव्हती.

त्या पूजेचीच त्यांना धास्ती होती. ओलं कुंकू नळीवर तसंच राहिलं की पोलाद गंजतं. मागे मुलानं असाच डाग पाडला, तेव्हा आबांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला होता.

सुनेनं, वृंदानं, बंदूक आणून हातात दिली. आबांनी नळी उजेडात धरून न्याहाळली. नळी आरशासारखी लखलखत होती. कुंकवाचं बोट फक्त लाकडी दस्त्यावर होतं.

"पूजा कुणी केली?"

"मीच. दरवर्षी तुम्ही पुटपुटत नळी पुसत बसता, ते बघत होते ना. म्हणून नळीला नुसतं तेल लावलं."

या घरात बायका बंदुकीला हात लावत नसत. आबांनी बंदूक पुन्हा तिच्यापुढे धरली.

"रिकामी आहे ना?"

"दोनदा बघितलंय."

"मग लाव खांद्याला. ओढ पंप!"

अंगणात उभं राहून तिनं पुढची मूठ मागं खेचली, पुढं ढकलली. खटाक्-खटाक्! समोरच्या ज्वारीतून तित्तरांचा थवा भुर्रकन उडाला.

आबांनी मांडीवर थाप मारली आणि शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "बघितलंत का? पाखरं आमच्या सूनबाईला घाबरली!"