न हलण्याचा सराव

टेबलावर झोपवल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा बजावलं, "काका, डोकं तसूभरही हलवू नका. नजर जाईल." रंगरावांचा एक डोळा लहानपणीच विटी लागून गेला होता. हा एकच उरलेला, त्यातही मोतीबिंदू.

तीस वर्षं धावत्या एसटीत तिकिटं फाडलेल्या या कंडक्टरला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. पण ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून बायको रोज सकाळी त्यांना पाटावर दहा मिनिटं निश्चल बसवायची. ते चुळबुळले की म्हणायची, "अहो, उतरायचा स्टॉप यायचाय अजून!"

ऑपरेशन अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. अवजार डोळ्यातच होतं. अंधारात कुणीतरी ओरडलं, "जनरेटर लावा!" रंगरावांची छाती धडधडू लागली, घशात खोकल्याची उबळ दाटली. त्यांनी मूठसुद्धा आवळली नाही. रोजच्यासारखा एकेक श्वास ते सावकाश सोडत राहिले.

लाइट आली. काम उरकून डोळ्यावर पट्टी लावता लावता डॉक्टरबाईंनी विचारलं,

"काका, तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरलो की! फक्त हललो नाही."