अध्यक्षीय अभिप्राय

“छान! फारच छान!” मंजूषाताई म्हणाल्या आणि संपदा मनातून खट्टू झाली.

बरखेड्यातल्या तिच्या क्वार्टरच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसली होती. संपदाने आत्ताच कथा वाचून संपवली होती. कथेत काय चुकतंय ते कुणीतरी सांगावं, एवढंच तिला हवं होतं. तिच्या आधीच्या तिन्ही कथा मंडळाने डोक्यावर घेतल्या होत्या आणि तिन्ही दिवाळी अंकांकडून साभार परत आल्या होत्या. ही चौथीही परत आली तर लिहिणं सोडायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

पण मंडळात खरं बोलायची सोय नव्हती. ज्याच्या घरी बैठक त्याने वाचायचं, हा इथला रिवाज. आज तुमची पाळी, पुढच्या महिन्यात माझी, मग वाकड्यात कोण शिरणार? मागे एकदा कुणीतरी एका कवींना कविता जरा लांबली असं सांगितलं होतं. कवी रुसले ते रुसलेच, वर मंडळाचा माईकही त्यांच्याच घरी राहिला. तेव्हापासून सगळ्यांना सगळंच आवडतं.

“काकू, एकदम दिल को छू लिया,” अयोध्या नगरचा केदार म्हणाला. “शेवट तर क्या बात है!”

“काही खटकलं असेल तर सांग ना रे.”

“छे हो, काकू! खटकणार काय? परफेक्ट आहे.” आणि तो पोह्यांकडे वळला.

संपदाच्या समोरच्या खुर्चीत रत्नप्रभाबाई बसलेल्या. मंडळाच्या अध्यक्ष आणि तिच्या सासूबाई. कथा त्यांच्यावरच होती.

लग्नानंतर संपदाला नागपूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा नवरा जा म्हणाला होता. सासूबाईंनी मात्र छातीत दुखतंय म्हणून अंथरूण धरलं. नोकरी हातची गेली आणि मग दुखणंही गेलं. ते नाटक होतं हे संपदाला तेव्हाच कळलं होतं, पण ती एका शब्दानेही बोलली नव्हती. आत्ता पहिल्यांदा बोलली, तीही कथेतून. कुणाला कळू नये म्हणून सासूला तिने जबलपूरला नेऊन बसवलं, चांगली जाडजूड केली, हातात विणकाम दिलं. शेवटी सून तिच्या पायांना तेल चोळता चोळता तिला मनापासून माफ करते, असा गोड शेवटही केला. पण ती वाचायची होती याच घरात, याच खुर्चीसमोर. दुसरी कथा तयार नव्हती आणि पाळी चुकवता येत नव्हती. आता चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जावं, तर मध्ये सगळं मंडळ मांडी घालून बसलेलं.

अध्यक्षांनी शेवटी बोलायचं असतं. रत्नप्रभाबाईंनी पदर सारखा केला.

“त्या बाईचं दुखणं खोटं होतं, ते बरोबर लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “अगदी तस्संच असतं ते. शेवट मात्र साफ खोटा आहे. तो बदल.”

मंजूषाताईंचा चमचा हातातच राहिला. केदार खाली बघायला लागला. संपदाला आजवर कुणीही असं काही सांगितलं नव्हतं, आणि आता विचारल्यावाचून राहवेना.

“काय खोटं आहे त्यात, आई?”

“ती माफी,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “मी इतकी वर्षं वाट बघतेय. मला अजून मिळालेली नाही.”