वखारीत कोण शिंकलं?

“आप्पा, हे स्पॅम हाय. ब्लॉक करा आणि आईचं फेसबुक एकदाचं बंदच करून टाका,” सन्मती बेळगावहून फोनवर म्हणाला.

“बंद कशाला?” जिनदत्त लगेच फुरंगटला.

“फोटोत गुलाबाचं फूल, मित्र तीनचार, खातं गेल्या महिन्यातलं. आणि म्हणे मी चंदना, तुझी मैत्रीण! असंच गोड बोलून आत शिरत्यात आणि मग ओटीपी मागत्यात.”

पोरगा बँकेत. त्याला सगळं जग चोर दिसायचं.

खातं बायकोचं, त्रिशलाचं, पण मोबाईल सुरुवातीपासून जिनदत्तच्याच हातात. त्रिशलाला ती बारकी अक्षरं दाबायचा भारी कंटाळा. तिनं सांगायचं, ह्यानं लिहायचं, असा निपाणीच्या त्या घरातला रिवाज. चंदना म्हणजे तिची शाळेतली जिवाभावाची मैत्रीण. लग्न होऊन संकेश्वरला गेली आणि दोघींची गाठ पडायची राहूनच गेली.

आता मात्र रोज सकाळी तिचा मेसेज येत होता, आणि जिनदत्तला त्याचं वेडच लागलं होतं. लग्नाआधीची त्रिशला त्यानं बघितली होती कुठं? परकर खोचून उसाच्या गाडीमागं पळणारी, मास्तरांच्या सायकलची हवा सोडणारी ती पोरगी त्याला आत्ता भेटत होती. हे सगळं खोटं निघालं तर?

“तिलाच ठाऊक असंल असं कायतरी विचारा,” सन्मती म्हणाला. “चुकली, तर खातं बंद. शब्द द्या.”

“दिला, जा!”

बापलेक दोघंही हट्टी. माघार कोण घेणार!

त्रिशलाच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट आठवून जिनदत्तनं लिहिलं, ‘लपंडाव खेळताना आपण तंबाखूच्या वखारीत दडलो होतो बघ. आधी कोण शिंकलं?’

‘तूच की गं भवाने! आणि मार मातर मी खाल्ला.’

जिनदत्त खो खो हसला. त्यानं लगेच सन्मतीला कळवलं, तर तो म्हणतो कसा, “हे गल्लीतल्या कुणालाबी ठाऊक असंल. आणखी एक विचारा.” पोरगं कुणाचं म्हणायचं!

मग जिनदत्तनं पेच टाकला. ‘तुझ्या मालकांचं नाव काय गं? विसरायला झालंय.’

चंदनाच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव सरळ कशी घेईल? त्रिशलानं तरी जन्मात कुठं घेतलं? ‘अवो’ म्हटलं की जिनदत्तनं समजायचं. खरी चंदना असली तर लाजंल, आढेवेढे घेईल, फार तर उखाण्यात गुंफंल.

उत्तर झटक्यात आलं. ‘भूपाल.’

उखाणा न्हाय, काय न्हाय. म्हणजे पोराचंच खरं! ब्लॉकच्या बटणावर जिनदत्तचं बोट गेलं, पण दाबवेना. एवढ्या दिवसांची ती परकरातली पोरगी कुणीतरी भामट्यानं रचून सांगितली होती तर. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. शेवटी त्यानं रागारागानं लिहिलं, ‘तू चंदना न्हाईस. कोण हायस?’

मग एक लांबलचक मेसेज आला.

‘आक्का, चुकलं माझं. मी भूपाल, चंदनाचा मालक. ती दिवाळीच्या आधी गेली. शेवटपर्यंत तुमचंच नाव आणि तुमच्याच गोष्टी. ऐकून ऐकून मला पाठ झाल्यात. तुम्हाला कळवावं म्हणून तिच्या नावानं खातं काढलं, पण ती गेली हे लिहायला हात धजंना. तुम्ही जुनं काढता आणि मला ती शेजारच्या खोलीत बसलीय असं वाटतं. काय बोलायचं ते बोला, आक्का, पण लिहायचं थांबवू नका.’

तेवढ्यात सन्मतीचा फोन आलाच. “काय झालं आप्पा? स्पॅमच न्हवं?”

“न्हाय रं. आपल्यातलंच माणूस हाय. खातं ऱ्हाऊ दे.”

फोन ठेवून त्यानं डोळे पुसले, भिंतीवरच्या त्रिशलाच्या फोटोचा हार सरळ केला आणि लिहिलं, ‘लिहिते हं, भाऊ. रोज लिहिते.’