खालची सही

"सही मारून द्या ना, वहिनी. वर सगळे थांबून राहिले."

लिपिक भूपेंद्रनं हजेरीचं रजिस्टर धनवंताच्या व्हीलचेअरसमोर धरलं. लहानगी लेक सोनू तिच्या मांडीवर झोपली होती, अर्धं बिस्किट तोंडात तसंच. नगर पंचायतीचं सभागृह वरच्या मजल्यावर आणि नगरसेविका धनवंता जिन्याखाली, मोटरसायकलींच्या रांगेत. प्रत्येक सभेला हेच. सही खाली व्हायची. वर तिच्या जागेवर तिचा नवरा देवानंद बसायचा. बाकीच्या नगरसेविकांचेही नवरेच बसत, त्यामुळे कोणाला काही वाटत नव्हतं.

पहिल्या सभेला तिला वर नेलं होतं. चौघांनी खुर्ची उचलली, धानाचं पोतं उचलावं तशी. वळणावर पदर चाकात अडकला. कोणी हसलं, कोणी मोबाइल काढला. त्या दिवशी तिनं सांगून टाकलं, मी पुन्हा अशी जाणार नाही.

आज रोख्यांचा ठराव होता. रोखे विकून पैसा उभा करायचा आणि बाजाररस्त्याला नवे फुटपाथ बांधायचे. जुने फुटपाथ गुडघ्याएवढे उंच, खुर्ची चढायचीच नाही. सोनूला मांडीवर घेऊन अंगणवाडीत जायचं तर ट्रकांच्या मधून जावं लागे. एकदा ट्रकचा आरसा पोरीच्या डोक्याला लागता लागता राहिला. तेव्हापासून देवानंदच तिला गाडीवर सोडायचा. पोरगी वळून वळून हात हलवायची आणि धनवंता दारात राहायची. नव्या फुटपाथला प्रत्येक वळणावर उतार हवा, एवढंच तिचं म्हणणं. सकाळी देवानंदच्या ताटात भात वाढताना तिनं बजावलं होतं, "उताराचं लिहिलं नसेल तर आपला विरोध."

"हो बाबा, हो," तो म्हणाला होता.

"उताराचं आहे ना ठरावात?" आता तिनं विचारलं.

"नाही जी. ते तर काढलं."

"कोणी काढलं?"

भूपेंद्र गोंधळला. "तुम्हीच ना, वहिनी. देवानंदभाऊ म्हणाले, मॅडमची काही हरकत नाही. दुकानासमोर उतार आला का व्यापारी नाराज होतात, म्हणून..."

धनवंताला ओरडावंसं वाटलं. पण मांडीवर पोरगी झोपलेली. ती दातओठ खात हळू आवाजात म्हणाली, "वैताग आणला तुम्ही लोकांनी! खालचा हॉल रिकामा पडून राहते. एक सभा तिथं घेतली तर काय आभाळ कोसळते?"

"मुख्याधिकारी साहेब तर तयार होते जी, मागंच," भूपेंद्र सहज बोलून गेला. "भाऊच म्हणाले, कायले? मी आहो ना."

वरून कोणीतरी हाक मारली. भूपेंद्रनं पेन पुढं केलं.

धनवंतानं पेन घेतलं नाही. तिनं सोनूच्या तोंडातलं बिस्किट बोटानं अलगद काढलं, कपाळावर चिकटलेले केस मागे सारले. मग पदर कमरेला घट्ट खोचला.

"सही वर करते. चौघांले बोलवा."

"पण वहिनी, तुम्ही तर कधी..."

"उचला म्हणते ना! अन् हळू. पोरगी उठू देऊ नका."

प्रत्येक पायरीवर खुर्ची कलंडत होती. वळणावर आजही कोणीतरी खुदकन हसलं. धनवंतानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं फक्त सोनूचं डोकं छातीशी धरून ठेवलं.

सभागृहाच्या दारात चाकं टेकली तेव्हा देवानंद आत तिच्या जागेवर उभा राहून, एक हात हवेत नाचवत सांगत होता, "अध्यक्ष महोदय, आमच्या मॅडमचं या ठरावावर स्पष्ट म्हणणं आहे का..."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. देवानंदचा हात हवेतच राहिला.

"थांबू नका जी," धनवंता म्हणाली. "माझं काय म्हणणं आहे, ते मलेही ऐकू द्या."